स्त्री-इतिहासावरील शोधनिबंधाचा विषय कसा ठरवावा : एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही इतिहास विषयात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, स्त्रियांच्या इतिहासावर सुमारे पाच हजार शब्दांचा शोधनिबंध चार महिन्यांत द्यायचा आहे, ‘स्वातंत्र्यलढ्यात महाराष्ट्रातील स्त्रियांचे योगदान’ हा तुमचा विषय मार्गदर्शकांनी ‘फार मोठा आहे’ म्हणून परत केला, आणि आता कोणीतरी ‘लहान पण चांगला’ विषय सुचवावा अशी तुमची विनंती आहे. शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिले आहे की तुमच्या आजी परळला गिरणी कामगारांची खाणावळ चालवत असत, ‘पण तो काही इतिहासाचा विषय नाही’. त्या ओळीकडे मी उत्तराच्या शेवटी येणार आहे. आधी विषय कशामुळे अडला ते पाहू.

मुंबईतल्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे इतिहास शिकवताना मी असे पुष्कळ निबंध तपासले आणि त्याहून अधिक विषय परत पाठवले. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या विषयाचा आकार ही दुय्यम अडचण आहे. मूळ अडचण ‘योगदान’ या शब्दात आहे. योगदान म्हटले की लढा कोणता, त्याचे टप्पे कोणते, त्यात महत्त्वाचे काय, हे सारे आधीच ठरून जाते आणि स्त्रियांनी त्यात किती भर घातली एवढेच मोजायचे उरते. शिवाय त्या मोजणीचे उत्तरही लेखणी उचलण्यापूर्वीच ठाऊक असते. स्त्रियांचे योगदान मोठे होते, असाच शेवट होणार. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध जाऊच शकत नाही, त्यावर भाषण करता येते, शोधनिबंध लिहिता येत नाही.

त्याच विषयाला प्रश्नाचे रूप दिले की काय होते ते पाहा. १९३० च्या सविनय कायदेभंगात मुंबईत देशसेविका संघाच्या स्त्रिया परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या, हे सर्वांना माहीत आहे. या स्त्रिया शहराच्या कोणत्या वस्त्यांतून आल्या होत्या, आणि गिरणगावातल्या स्त्रिया त्यांत दिसतात का? दिसत नसतील, तर त्या त्याच महिन्यांत कोठे होत्या? इथे उत्तर आधी माहीत नाही. काळ एका वर्षाचा आहे, जागा एका शहराची आहे, आणि शोधायचे कोठे याचाही अंदाज येतो : त्या वर्षाची वर्तमानपत्रे, गृहखात्याचे दप्तर, अटक झालेल्यांच्या याद्या. विषय लहान झाला तो प्रश्न आल्यामुळे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते स्पष्ट सांगायला हवे, कारण त्यावाचून कोणताही सल्ला पोकळ ठरतो. तुम्ही नोकरी करून शिकत असाल आणि अभिलेखागार तुमच्या सुट्टीच्या दिवशी बंद असेल, तर दप्तरावर उभा राहणारा विषय कितीही सुंदर असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्हाला जुनी हस्तलिखित इंग्रजी वाचता येते का, मोडी येते का, गुजराती येते का, यावर विषयांची मोठी विभागणी होते. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकावर काम करताना गुजराती न येणे ही खरोखरच मोठी उणीव आहे, कारण पारशी आणि गुजराती घरांतल्या स्त्रियांविषयीचे बरेच लेखन त्या भाषेत आहे. मार्गदर्शकांना मुलाखतींवर आधारलेला निबंध चालतो की छापील साधनेच हवीत, हेही पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. या गोष्टी प्रत्येकीच्या वेगळ्या असतात, आणि म्हणून ‘चांगल्या विषयांची यादी’ मी कधीच देत नाही.

मी विद्यार्थ्यांना जे सांगत आले ते असे : आधी हाताला येणारा कागद शोधा, तो नीट वाचा, आणि तो कागद ज्याचे उत्तर देऊ शकेल असा प्रश्न त्यातून काढा. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. विषय ठरतो, रूपरेषा मंजूर होते, आणि तिसऱ्या महिन्यात लक्षात येते की या विषयावर लिहिण्याजोगे मूळ साधन आपल्याला मिळणारच नाही. मग इतरांच्या पुस्तकांतले उतारे जोडून निबंध पुरा केला जातो.

एक उदाहरण सविस्तर देते. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी ‘मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्री कामगार’ असा विषय घेऊन आली. विषयाचा पट शंभर वर्षांचा होता आणि साधने एका जन्मात न संपणारी. मी तिला विषय बाजूला ठेवायला सांगितले आणि दोन छापील साधने वाचायला दिली. पहिले, मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाचे १९२१ पासून निघू लागलेले ‘लेबर गॅझेट’. दुसरे, १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगापुढे झालेल्या मुंबई इलाख्यातील साक्षींचा खंड. तिसऱ्या आठवड्यात ती एक शब्द घेऊन परत आली : नायकीण. गिरणीत वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत प्रामुख्याने बायका असत, आणि त्यांच्यावरच्या बाई मुकादमाला नायकीण म्हणत. कामावर कोणाला घ्यायचे, गैरहजर बाईच्या जागी बदलीवर कोणाला उभे करायचे, यात तिचा हात असे. तोवर त्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांपुढे गिरणीतली स्त्री म्हणजे पिळवणूक सोसणारी स्त्री, एवढेच चित्र होते. आता तिला एक अशी बाई भेटली, जी वरच्यांपुढे हाताखालची होती आणि इतर बायकांपुढे अधिकारी. मग तिचा प्रश्न झाला की नायकिणीची ही सत्ता कशावर उभी होती : गाववाल्यांच्या ओळखीवर, जातीवर, उसनवारीवर, की खात्यातल्या कौशल्यावर? तो निबंध उत्तम झाला. तिने गिरणी कामगार स्त्रियांविषयी सर्व काही सांगण्याचा आग्रह सोडला होता.

याच शब्दाचा दुसरा धागा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘नायकीण’ हा शब्द मुंबई उच्च न्यायालयाच्या छापील निवाड्यांतही सापडतो, पण तिथे तो कलावंतिणींसाठी येतो. १८८० च्या ‘मथुरा नायकीण विरुद्ध इसू नायकीण’ या खटल्यात नायकिणीने घेतलेली दत्तक मुलगी कायद्याने मान्य करायची का, हा प्रश्न होता आणि न्यायालयाने ती मान्यता नाकारली. आई, मुलगी आणि मिळकत यांची एक निराळी परंपरा न्यायालयाच्या दारात आली आणि तिथे तिला कायद्याचा आधार मिळाला नाही. हे निवाडे १८७६ पासून मालिकेने छापले गेले असून चांगल्या कायदा ग्रंथालयात सहज पाहता येतात. ज्यांना अभिलेखागारात जाणे शक्य नाही, पण कायद्याची इंग्रजी वाचण्याची चिकाटी आहे, त्यांच्यासाठी हे फार समृद्ध साधन आहे. निवाड्यात स्त्रीचे बोलणे मात्र वकील आणि न्यायाधीश यांच्या शब्दांतून गाळून आलेले असते, हे पानोपानी लक्षात ठेवावे लागते.

गिरण्यांच्याच संदर्भात आणखी एक प्रश्न वर्षानुवर्षे मला खुणावतो. १९२९ चा मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. प्रसूतिकाळातील भत्त्याचा भार त्याने मालकावर टाकला. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण साधारण एक पंचमांश होते, आणि पुढे ते घटत गेले. या घसरणीला हा कायदा किती कारणीभूत झाला, रात्रपाळीवरील बंदी किती, आणि यंत्रांची व कामाची नवी रचना किती? पाच हजार शब्दांत याचा पूर्ण निकाल लागणार नाही. पण कायद्यानंतरच्या पाच वर्षांत मालकांच्या संघटनेने आणि कामगार पुढाऱ्यांनी त्याविषयी काय म्हटले, एवढे जरी नीट मांडले तरी तो स्वतंत्र निबंध होतो.

‘प्रसिद्ध स्त्री घ्यावी की अप्रसिद्ध?’ असेही तुम्ही विचारले आहे. प्रसिद्ध घेण्यास हरकत नाही, पण तिच्याविषयी जे सर्वांना माहीत आहे ते पुन्हा सांगण्यासाठी घेऊ नये. रखमाबाईंचे उदाहरण घ्या. अकराव्या वर्षी लग्न, पतीकडे नांदायला जाण्यास नकार, त्यांना नांदायला आणण्यासाठी पतीने १८८४ साली दाखल केलेला दावा, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांचा रखमाबाईंच्या बाजूने निकाल, अपिलात तो फिरला, १८८७ च्या मार्चमध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद’ असा हुकूम, आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड. हा क्रम अनेकांनी लिहिला आहे. पण या खटल्याच्या काळात रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रे लिहिली. त्या पत्रांतली इंग्रजी वाचकांपुढची मांडणी आणि त्याच महिन्यांत एखाद्या मराठी पत्राने केलेली मांडणी शेजारी ठेवून वाचली, तर सहा महिन्यांच्या कालखंडात मावणारा नेमका प्रश्न मिळतो.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती टाळता येण्यासारखी आहे. याच काळावर काम करताना मी देशी वर्तमानपत्रांच्या सरकारी इंग्रजी सारांशांवर विसंबले होते. सरकारचे भाषांतरकार दर आठवड्याला देशी पत्रांतील मजकुराचा गोषवारा करत आणि तो छापला जाई. अभ्यासकाला तो फार सोयीचा वाटतो. त्यावरून मी एका संपादकाला सुधारणाविरोधी ठरवले. दोन वर्षांनी त्या पत्राचा मूळ अंक हाती आला तेव्हा दिसले की अग्रलेखाचा अर्धा भाग सासरच्या जाचाविषयी कळवळून लिहिलेला होता, आणि सारांश करणाऱ्याने सरकारच्या कायद्याला झालेला विरोध तेवढाच उचलला होता. सरकारला जे हवे होते तेच त्याने टिपले. चूक त्याची नव्हती, माझी होती. कागद कोणी, कोणासाठी, कशासाठी तयार केला, हे न विचारता मी तो वाचला होता.

स्त्रियांच्या इतिहासात हा प्रश्न अधिकच बोचतो, कारण आपल्यापर्यंत काय पोहोचले हेही बहुधा दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले असते. मुक्ता साळवे या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आज आपण वाचू शकतो, याचे कारण १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापला गेला. तिच्या वर्गातल्या इतर मुलींनी काय लिहिले असेल? ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ते विस्मरणात राहिले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधल्या काळात ते का वाचले गेले नाही, कोणत्या वाङ्मयेतिहासांनी त्याची दखल घेतली आणि कोणी घेतली नाही, हाही स्त्री-इतिहासाचाच विषय आहे, आणि तो दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून करता येतो.

अभिलेखागारात जायचे ठरवले, तर काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. तिथल्या सूची खात्यांप्रमाणे लावलेल्या आहेत, त्यामुळे ‘स्त्रिया’ या नोंदीखाली शोधलेत तर निराश व्हाल. सरकारचा स्त्रियांशी जिथे संबंध आला तिथे शोधावे लागते : तुरुंग, इस्पितळे, शिक्षण, निवृत्तिवेतन, पोलीस. कामा इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झाले; तिथल्या परिचारिका, त्यांचे पगार, राहण्याची सोय यांचा शोध वैद्यकीय आणि सार्वजनिक कामकाजाच्या फायलींत घ्यावा लागेल. विधवांचे अर्ज दिसले, तर ते अर्ज बहुधा पैसे घेऊन लिहिणाऱ्या अर्जनवीसाच्या भाषेत असतात, हे विसरू नका. ‘गरीब अबला’ हा शब्द त्या बाईचा असेलच असे नाही. अर्ज मंजूर व्हावा यासाठी लेखनिकाने ठरवून वापरलेला तो साचाही असू शकतो. अलीकडच्या काळासाठी एसएनडीटी विद्यापीठाचे १९७४ साली सुरू झालेले स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र आणि १९८८ पासून काम करणारा ‘स्पॅरो’ हा स्त्रियांविषयीचा ध्वनी-चित्र संग्रह पाहावा.

आता मुलाखती. कागद जिथे गप्प आहेत तिथे मुलाखतींनी काय साधते, याचा मराठीतला सर्वांत ठळक दाखला म्हणजे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे १९८९ चे ‘आम्हीही इतिहास घडवला’. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी शोधून, त्यांच्या तोंडून त्यांनी जे जमवले, ते लिखित साधनांवर विसंबून कधीच मिळाले नसते. पण मुलाखत हे सोपे साधन आहे, असा समज करून घेऊ नका. बायका काळ सांगतात तो सनावळीने नव्हे. ‘संप लागला तेव्हा’, ‘थोरली पोटात होती तेव्हा’, ‘चाळीत नळ आला त्या साली’ अशा खुणांनी त्या बोलतात. या खुणा खोडून त्या जागी आपली तारीख लिहू नये. खूण जशीच्या तशी ठेवावी आणि शेजारी आपला तर्क नोंदवावा, कारण काळ कशाने मोजला जातो ही स्वतःच एक माहिती आहे. घरात मुलगा किंवा पती बसलेला असेल, तर प्रश्न बाईंना विचारला तरी उत्तर तो देतो, हेही मी अनेकदा पाहिले. शक्यतो दुपारची वेळ घ्यावी. मुलाखत निबंधात वापरण्याची संमती आधी घ्यावी, नाव द्यायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि लिहून काढलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा. एकदा असे वाचून दाखवताना एका आजींनी सावकाराविषयीचे दोन परिच्छेद काढायला लावले. निबंधाचे नुकसान झाले, तरी ते काढणेच योग्य होते.

विषय पक्का करण्यापूर्वी एक लहानशी परीक्षा मी नेहमी घेते. दोन पूर्ण दिवस साधन वाचा आणि तिसऱ्या दिवशी एकाच वाक्यात प्रश्न लिहा, ज्यात जागा, काळ आणि कोणत्या स्त्रिया हे तिन्ही असेल. मग त्या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे कल्पून पाहा. दोन्ही उत्तरे संभवनीय वाटली, तर विषय चालेल. एकच वाटले, तर ती तुमची आधीच ठरलेली समजूत आहे. साधने किमान दोन जातींची हवीत, म्हणजे छापील आणि तोंडी, किंवा सरकारी आणि खासगी, म्हणजे एक दुसऱ्याला अडवू शकेल. याहून अधिक नियम मला ठाऊक नाहीत.

आणि आता तुमच्या आजी. गिरणगावात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले हजारो पुरुष गाववाल्यांच्या गाळ्यात एकेकटे राहत आणि महिन्याच्या बोलीने खाणावळीत जेवत. या खाणावळी मोठ्या प्रमाणावर बायकांनी चालवल्या, स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत, बऱ्याचदा घरातला पुरुष बेकार असताना किंवा हयात नसताना. कारखान्यांच्या आकडेवारीत त्या बायका नाहीत, कारण त्या कारखान्यात नव्हत्या. घरकाम म्हणून जे मोजले गेले नाही त्यावर एक मोठा उद्योग उभा होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली, तोवर त्यांचा मुख्य आधार सावकारच होता. मग १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. माझ्या दृष्टीने तुमचा प्रश्न इथे आहे : संपाच्या त्या पहिल्या वर्षात खाणावळीची उधारी कोणी सोसली? जेवणारे गावी परतले का, परतल्यावर बाकी फिटली का, किराणा दुकानदाराने किती महिने थांबून घेतले, आणि खाणावळ बंद पडल्यावर त्या बायकांनी कोणते काम धरले? संपाचा इतिहास पुढारी, मालक आणि कामगार यांच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला आहे. तो ताट वाढणारीच्या बाजूने पाहिलात तर काय दिसेल, हे मलाही जाणून घ्यायचे आहे.

आजी घरातल्या आहेत याचा फायदा आहे आणि धोकाही. त्या तुम्हाला नातीला सांगायचे तेवढेच सांगतील, आणि तुम्हालाही त्यांचे सारे खरे मानावेसे वाटेल. म्हणून त्याच भागातल्या निदान चार-पाच इतर खाणावळवाल्या बायका शोधा, जमल्यास त्यांच्याकडे जेवणारे दोन-तीन निवृत्त कामगारही, आणि १९८२-८३ ची मराठी दैनिके शेजारी ठेवा. घरात उधारीची एखादी वही, बँकेचे पुस्तक, रेशनकार्ड उरले आहे का ते आधी पाहा; वही मिळाली तर मुलाखतीपूर्वी ती पूर्ण वाचा, म्हणजे नावे घेऊन विचारता येईल. आजींना ‘तुमचे योगदान काय’ असे विचारू नका. पहिल्या पाळीचे जेवण किती वाजता तयार लागे, पीठ कोण दळून आणी, पगाराच्या दिवशी पैसे मागायला जिन्यावर कोण उभे राही, आणि ज्याने दिले नाहीत त्याला दुसऱ्या दिवशी वाढले की नाही, इथून सुरुवात करा.